नाटेकर काकांचं विधेयक

आमच्या समोरच्या दारात राहणारे नाटेकर काका बोलताना विरामचिन्हंसुद्धा बोलतात. साखर मागायला आले तर दारात उभे राहून म्हणतात, "सुमनताई, स्वल्पविराम, वाटीभर साखर मिळेल का, प्रश्नचिन्ह." साखर दिली की, "आभारी आहे, पूर्णविराम." मग वळून आपल्या घरात जातात.

नवीन माणूस घाबरतो. नाहूर स्टेशनच्या बाहेर बसणाऱ्या भाजीवालीला त्यांनी एकदा विचारलं, "मुळा ताजा आहे का, प्रश्नचिन्ह." ती म्हणाली, "प्रश्नचिन्ह नाय ठेवत आपण. मेथी घ्या." काकांनी मेथी घेतली.

ह्याला कारण त्यांची नोकरी. काका सरकारी छापखान्यात कॉपीहोल्डर होते. ते काय असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. छापायच्या आधी कागद तपासायला दोन माणसं समोरासमोर बसायची. एकाच्या हातात छापलेला कच्चा कागद आणि लाल पेन. दुसऱ्याच्या हातात मूळ कागद. दुसऱ्याने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, अगदी टिंब न टिंब, आणि पहिल्याने चुका काढायच्या. काका दुसरे. सगळी नोकरी त्यांनी मोठ्याने वाचण्यात काढली, आणि वाचलं काय तर कायदे. राज्यात जेवढे कायदे झाले ते आधी माझ्या तोंडातून गेले, असं ते सांगतात. लाल पेन मात्र त्यांच्या हातात कधीच आलं नाही.

त्यामुळे त्यांची भाषाही कायद्याची झाली. मुलं त्यांना 'ज्याअर्थी काका' म्हणतात. मागे आमच्या लिफ्टमध्ये कोणीतरी पान खाऊन थुंकलं होतं. सेक्रेटरी मोहित्यांनी तीनदा नोटीस लावली. काही झालं नाही. मग काकांनी आपली चिठ्ठी चिकटवली : 'ज्याअर्थी, लिफ्टमध्ये कोणी एक इसम थुंकला आहे, आणि ज्याअर्थी, तो कोण हे सर्व रहिवाशांना ठाऊक आहे, त्याअर्थी, त्याने ते स्वतः पुसावे.' दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्ट लखलखीत. मोहिते म्हणाले, "साला, आमच्या मराठीत दम नाही."

मंगलकाकू होत्या तोपर्यंत ह्या सगळ्याला लगाम होता. काका सुरू झाले की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "पुरे! पूर्णविराम!" आणि काका खरोखर थांबायचे. काकूंना जाऊन आता सहा वर्षं झाली. थांबवणारं कोणी उरलं नाही.

मी ह्या सगळ्यात कशी सापडले ते सांगते. मी घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. कोणाच्या किती, हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून डब्यावर चिकटवते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण आमच्या गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर तेवढं टिकलं. मागच्या वर्षी एक दिवस काका माझी चिठ्ठी हातात धरून आले. 'तिसरा मजला, बारा पोळ्या, तेल कमी.'

"हे हस्ताक्षर कोणाचे, प्रश्नचिन्ह."

"माझंच. का हो? चुकलं काही?"

"सुवाच्य आहे," काका म्हणाले. मग आवाज उतरवून आमच्या मालवणीत आले. ते देवगडचे, मी राजापूरकडची. घाईचं काम असलं की ते मालवणीत येतात. "गो बाय, माझो हात थरथरता. एक विधेयक लिहूचा हा. तू लिवशील?"

मला वाटलं, सोसायटीचं काहीतरी असेल. मी हो म्हटलं.

आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा ते टीव्हीसमोर शेंगा सोलत होते. "विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा कागद," ते म्हणाले. "तो तू लिहिणार? वाट लागली राज्याची."

रोज दुपारी चारला, पोळ्या गेल्या की, काका त्यांची घडीची खुर्ची घेऊन आमच्याकडे यायचे. मी पाटावर वही घेऊन बसायची. ते डोळे मिटून सांगायचे आणि मी लिहायची. कायदा होता कुमुदताईंच्या नावाने एक दिवस पाळण्याचा.

कुमुदताई म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या पुढारी. दोनदा नगरसेविका होत्या, एकदा आमदार. भांडुपला टेकडीच्या बाजूला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गाडी कधी घेतली नाही, बसने फिरायच्या. शाळेला पत्रे, गल्लीत दिवे, बायकांसाठी संडास, अशी त्यांची कामं. त्यांना जाऊनही आता तीन-चार वर्षं झाली. कुठे पुतळा नाही, चौकाला नाव नाही. काकांचं म्हणणं, राज्याने त्यांच्या नावाचा दिवस पाळावा, आणि तो नुसत्या परिपत्रकाने नाही, कायद्याने. "परिपत्रक फाईलीत जाते. कायदा राजपत्रात जातो, पूर्णविराम."

पहिलं कलम नावाचं. दुसरं, हा कायदा साऱ्या राज्यात लागू. तिसरं, तारखेचं. त्यांनी जी तारीख सांगितली ती ताईंच्या जन्माची नव्हती आणि मृत्यूचीही नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "कामाची तारीख आहे." मला वाटलं, ताई निवडून आल्या ती असेल.

चौथं कलम : 'या दिवशी सुट्टी असणार नाही.'

पाचवं कलम : 'या दिवशी प्रत्येक रहिवासी, कोणतेही कारण नसताना, किमान एका शेजाऱ्याच्या घरी जाईल व तेथे किमान अर्धा तास बसेल.'

लिहिता लिहिता माझा हात थांबला. "काका, बसून करायचं काय?"

"काही नाही. बसायचे."

"बोलायचं?"

"ऐच्छिक आहे."

मी ऐच्छिक लिहिलं.

विधेयक आमदारांकडे न्यायचं तर सोबत रहिवाशांच्या सह्या हव्यात, म्हणून रविवारी गच्चीवर सभा बोलावली. पंधरा-वीस माणसं आली, कारण काकांनी नोटिशीत चहा लिहिला होता. काकांनी कलमं वाचली. काय वाचतो तो माणूस! आवाज कुठे घसरत नाही, कुठे अडखळत नाही. चौथ्या कलमापर्यंत सगळे माना हलवत होते.

"एक मिनिट, एक मिनिट," मोहिते उठले. "सुट्टी असणार की नसणार?"

"नसणार."

"मग कोण सही करणार? काका, दिवस म्हटला की सुट्टी पाहिजे ना यार."

"सुट्टी दिली की लोक झोपतात नाहीतर गावी जातात. शेजारी घरात सापडत नाही."

"बरं, मिरवणूक?"

"नाही."

"फोटोला हार?"

"नाही."

"आणि हे पाचवं. कारण नसताना कोण कोणाकडे जातं हो? माझ्या दारात कोणी कारण नसताना आलं तर मी आधी बघणार, पाणी गळतंय का!"

सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी विचारलं, "अर्धा तास म्हणजे किती वाजता? माझी साडेसातची सिरीयल असते."

"ती शेजाऱ्याकडे बघता येईल," काका गंभीरपणे म्हणाले.

"मोबाईल चालेल का?"

"परंतु असे की, मोबाईल बाहेर चपलांपाशी ठेवावा."

"आणि नाही गेलं तर दंड किती?"

"दंड नाही. शिक्षेचे कलमच नाही."

"दंड नाही, सुट्टी नाही, हार नाही," मोहिते बोटांवर मोजत म्हणाले. "काका, हा कायदा आहे की शाळेतलं मूल्यशिक्षण?"

काका रागावले नाहीत. कागदाची घडी घालून म्हणाले, "चर्चा झाली, पूर्णविराम. आता मतदान."

सह्या आल्या सहा. त्यातली एक आमच्या ह्यांची. दुसऱ्या चहाच्या आशेने केली असं ते म्हणाले, पण केली. मोहित्यांनी केली नाही. "तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. त्यांचं तत्त्व म्हणजे सुट्टी.

मग मी सगळ्याची स्वच्छ प्रत काढली. रोज थोडं थोडं करत आठवडा लागला. निळ्या शाईचं नवीन पेन आणलं. एक अक्षर खोडलं नाही. काका आणि मी रिक्षाने भांडुपला आमदारांच्या कार्यालयात गेलो. मी अशा ठिकाणी कधी गेले नव्हते. पदर दोनदा सावरून दाराजवळच्या खुर्चीच्या कडेला बसले, म्हणजे कोणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता येईल.

आमदारांची पीए म्हणजे प्राजक्ता नावाची मुलगी. भराभर बोलणारी, दोन फोनवर एकदम. तिने आमची प्रत घेतली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"'या अधिनियमास स्वल्पविराम महाराष्ट्र कुमुदताई दिन अधिनियम स्वल्पविराम असे म्हणावे पूर्णविराम.'" ती थांबली. पान उलटलं. "'या दिवशी सुट्टी असणार नाही पूर्णविराम.' काका, हे काय आहे?"

मी सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. स्वल्पविराम म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही, चौथीत शिकवतात ते. पण मला वाटलं, कायदा आहे, कायद्यात तसंच लिहीत असतील. मी चिठोरे लिहिणारी आणि ते कायदे वाचणारे. आपण मधे कशाला विचारायचं?

मी काकांकडे बघितलं. ते डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते.

"उत्तम वाचता तुम्ही," ते प्राजक्ताला म्हणाले. "कुठे शिकलात?"

त्यांना त्यात काही वावगं दिसलंच नाही. सगळा जन्म त्यांनी कायदा असाच ऐकला होता. प्राजक्ता हसू लागली, मग तिच्या पलीकडच्या टेबलावरची माणसं हसली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेव्हा काकांच्या लक्षात आलं. त्यांनी पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, बघितलं.

"चूक यांची नाही," ते म्हणाले. "मी वाचले तसे यांनी लिहिले. प्रत अचूक आहे. चूक वाचणाऱ्याची." आणि मग, कार्यालयात बसलो आहोत हे विसरून, "रडू नको गो. तुझ्यासारखी प्रत आमच्या छापखान्यात कोणी काढूक नाय."

प्राजक्ता मनाने चांगली. तिने दोघांना सरबत मागवलं. "टाईप मी करून घेते, चिन्हंबिन्हं काढून. आयडिया झकास आहे, खरं सांगते. साहेबांना पण ताईंबद्दल आदर आहे. ते अशासकीय विधेयक म्हणून देतील, म्हणजे सरकारचं नाही, आमदाराचं स्वतःचं. पण काका, शेवटचं पान कोरं आहे."

शेवटचं पान म्हणजे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन'. प्रत्येक विधेयकाच्या शेवटी ते असतं. कायदा का हवा, ते तिथे साध्या शब्दांत सांगायचं असतं.

"ते नसेल तर साहेब घेणार नाहीत. आणि ही तारीख कसली, तेही त्यात लिहा. शुक्रवारपर्यंत द्या हां. नाहीतर हे अधिवेशन गेलं."

रिक्षात काका एक शब्द बोलले नाहीत. चिन्हसुद्धा नाही.

सोमवारी चारला ते खुर्ची घेऊन आले नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी मीच वही घेऊन त्यांच्या दाराची बेल वाजवली. घर स्वच्छ होतं. काकूंचा फोटो, एक टेबल, भिंतीपाशी कॉट. टेबलावर कागदांचे बोळे पडले होते. त्यांनी थरथरत्या हाताने लिहायचा प्रयत्न केला होता.

"सांगा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "ज्याअर्थी, कै. कुमुदताई यांनी समाजाची अमूल्य सेवा केली..." थांबले. "नको. हे सगळ्यांच्याच बाबतीत लिहितात." पुन्हा सुरू केलं. "ज्याअर्थी, त्यांचे कार्य भावी पिढ्यांस प्रेरणादायी..." पुन्हा थांबले. अशी चार वाक्यं झाली. चारही फुकट. दुसऱ्यांनी लिहिलेलं एवढं वाचलेला माणूस, आणि स्वतःचं एक कारण त्यांना सांगता येईना.

मी काही विचारत नाही सहसा. समोरच्याला वाटलं तर तो सांगेल, असा माझा स्वभाव. पण परवावर शुक्रवार आला होता.

"काका, ताई तुमच्याकडे कधी आल्या होत्या का?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मंगल गेल्यावर."

"तेव्हा? मी तर रोज होते तुमच्याकडे. मला कशा दिसल्या नाहीत?"

"तेरा दिवस होतीस. सगळेच होते. बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या. कुलकर्णीबाईंनी पिठलं-भात दिला, मोहित्यांनी फ्रीजमध्ये दूध आणून ठेवले. तेरावे झाले आणि सगळे आपापल्या घरी गेले. जाणारच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई चौदाव्या दिवशी आल्या. बसने. मी ओळखत होतो त्यांना, पण त्या मला ओळखत नव्हत्या. म्हणाल्या, तेराव्यापर्यंत माणसं असतात, मी चौदाव्याला येते. नगरसेविका झाल्यापासून त्यांचा हा नेम होता. भागात कोण गेले ते वहीत लिहून ठेवायच्या आणि चौदाव्या दिवशी जायच्या. अर्धा तास बसल्या. चहा मीच केला, कडू झाला. प्यायल्या."

चौदाव्या दिवशी मी कुठे होते ते आठवायचा प्रयत्न करत होते. सहा पावलांवर होते.

"आणि उठताना 'येते हां' म्हणाल्या," काका म्हणाले. "तेरा दिवस कोणी 'येतो' म्हणाले नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना म्हणत नाहीत तसे, मला माहीत आहे. सगळे न बोलता उठून जायचे. ताई म्हणाल्या."

"माझं दार बंद होतं का हो तेव्हा?"

हे मी का विचारलं कोण जाणे. काका लगेच म्हणाले, "दुपारची वेळ होती. तू पोळ्या करत असशील." मग म्हणाले, "वास येत होता."

मला वर बघवेना.

"आणि तारीख?" मी वहीकडे बघत विचारलं.

"ताई गेल्या तेव्हा मी त्यांच्या चौदाव्याला गेलो. कुलूप होते. एकटी बाई. पुतण्याने सामान आधीच हलवले होते. मी तिथे जिन्यावर अर्धा तास बसून आलो. ती तारीख."

हे सहा वर्षांत त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. गच्चीवर मोहिते थट्टा करत होते तेव्हा एवढं सांगितलं असतं तर सगळ्यांनी माना खाली घालून सह्या केल्या असत्या. पण त्यांना तेच नको होतं. कारण लिहिलं असतं तर आम्ही सगळे त्यात आलो असतो. म्हणून ते पान कोरं होतं.

"मी लिहिते," मी म्हटलं. "तुम्ही नका सांगू."

माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या मनाचं असं काही लिहिलं नव्हतं. अर्धा तास लागला. लिहिलं ते असं : 'माणूस गेला की तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी घरातलं माणूस एकटं पडतं आणि शेजारी दार लावून बसतात. कुमुदताई त्या दिवशी यायच्या. त्या आता नाहीत. म्हणून एक दिवस तरी बाकीच्यांनी जावं.'

काकांनी वही घेतली आणि मोठ्याने वाचलं. एका ठिकाणी थांबले. टेबलाच्या खणात लाल पेन होतं, ते काढलं. 'शेजारी दार लावून बसतात' यावर थरथरत्या हाताने रेघ मारली.

"अहो, पण ते खरं आहे," मी म्हटलं.

"खरे असते ते सगळे कायद्यात घालत नाहीत. लिही, 'शेजाऱ्यांना आपापली कामे असतात.'"

मी लिहिलं. मग त्यांनी चहा टाकला. अजूनही कडूच करतात.

शुक्रवारी पान दिलं. प्राजक्ताने ते माझ्यासमोर वाचलं आणि या वेळी हसली नाही. दुसऱ्या फोनवरच्याला म्हणाली, "नंतर करते." विधेयक दाखल झालं. पण अशा विधेयकांची रांग मोठी असते, ते चर्चेला कधी येईल, येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. अधिवेशन संपलं, आमचा नंबर आला नाही. पुढच्याला बघू, असं साहेबांनी कळवलं आहे. काका म्हणतात, त्यांनी वाचलेली कितीतरी विधेयकं अशीच बसून राहिली. त्यात वाईट काही नाही. मोहित्यांना मात्र आता वेगळीच घाई झाली आहे. टाईप केलेली प्रत त्यांनी पूर्ण वाचली, शेवटच्या पानापर्यंत. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला भेटले आणि मजल्याच्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "वहिनी, सही आता घेतील का हो? सुट्टीचं राहू दे."

गेल्या महिन्यात बी विंगमधले सावंत गेले. तेरा दिवस त्यांच्याकडे आमची सगळी बिल्डिंग होती. मी पोळ्या पोचवल्या, भांडी घासली, जे सगळे करतात ते केलं. तेरावं झालं, मांडव निघाला, भाड्याच्या खुर्च्या गेल्या.

चौदाव्या दिवशी दुपारी मी ओट्यापाशी उभी होते. सावंतवहिनींशी माझी ओळख म्हणजे जिन्यात हसण्यापुरती. त्यांच्याकडे जाऊन बसायचं, तेही कामाशिवाय? काय बोलायचं? त्यांनी का आलात विचारलं तर? काहीतरी हातात घेऊन जावं, म्हणून डबा काढला, परत ठेवला. शेवटी रिकाम्या हाताने निघाले. बी विंगच्या जिन्यात दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा बेल वाजवली.

सावंतवहिनींनी दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते. त्यांनी का आलात असं विचारलं नाही. "या," म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

आत कॉटवर नाटेकर काका बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात चहाची बशी. किती चौदावे त्यांनी असे केले असतील, देव जाणे. मला बघून त्यांनी बशी खाली ठेवली, जरा सरकले, कॉटवर माझ्यापुरती जागा केली.

"सुमनताई," ते हळूच म्हणाले, "विधेयक अजून मंजूर झालेले नाही हां."

"नसेना का," मी म्हटलं, आणि बसले.